एकसष्ट मीटर जाडी

३ मार्च

दादा,

वर ‘शिरसाष्टांग नमस्कार’ लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील, चौदा महिने हिची पाठ ताठ होती, आज एकदम कशी वाकली. तेव्हा नमस्कार केला असं समज आणि पत्र फाडायच्या आधी हे एक पान तरी वाच.

मी मजेत आहे. कॅम्प होता तिथेच आहे, धूळही होती तेवढीच आहे. मेसमध्ये पंख्याखालच्या तुझ्या खुर्चीवर आता नवा ड्रिलर बसतो. चाळिशीचा गडी, पण यंत्र असं हाकतो जसा काही मागे वाघ लागलाय. तू सळईला तळहात लावून खालचा दगड ऐकायचास. हा कानात बोंडं घालून गाणी ऐकतो. परवा मी त्याला म्हटलं, अहो, जरा दगडाचंही ऐका. तर म्हणाला, ‘दगड काय बोलतो हे सांगायला तुम्ही आहात ना, बाई.’ मला हसू आलं.

माझी खोली तीच, पत्र्याची. धूळ येते म्हणून गेल्या वर्षी खिडकीला स्क्रू मारले. आता धूळ येत नाही आणि वाराही येत नाही. आत मी आणि कूलर, दोघंही दिवसभर घुमत असतो.

एक किरकोळ काम होतं. रोज काम संपल्यावर तू जी वही भरायचास, वरचं पान ऑफिसला आणि खालची कार्बनची प्रत तुझ्याकडे, त्यातली नऊ नंबरच्या बोअरची वही मला हवी आहे. ऑफिसातल्या पानांना ओल लागून अक्षरं फुटली आहेत. महिनाअखेरीला बाहेरून एक परीक्षक येणार आहेत. आपल्याला जे निकेल लागलंय त्याच्यावर खाण परवडेल की नाही, हे ते ठरवणार. सगळे कागद जागेवर हवेत, एवढंच. दुसरं काही कारण नाही.

रजिस्टर पोस्टाने पाठव. माझ्या नावावर, ऑफिसच्या नको.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस. तुला काही म्हणत नाही, तू ऐकणार थोडाच.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. मोजून चार ओळी आहेत, पण निदान कुणीतरी उत्तर दिलं. ‘हे तुमचं पत्र हातात घेत नाहीत. मी मोठ्याने वाचते, हे ऐकत नसल्यासारखं करतात. वही आहे, पण देणार नाही म्हणतात. वर्ष झालं, यंत्रावर कुणी घेत नाही. सध्या एका गोदामाच्या दारावर बसतात.’

दारावर? तू?

मी ते वाक्य परत परत वाचलं. चाळीस मीटरवरचा दगड कडक आहे की भुसभुशीत, हे तू नुसत्या आवाजावरून सांगायचास. असा माणूस दारावर बसून आल्यागेल्याची नावं लिहून घेतो? एकाही कंत्राटदाराकडे यंत्र नाही? तुझ्याबद्दल काहीतरी भलतंसलतं पसरवलंय कुणीतरी. कोण असेल? तुला काही कळलं तर मला सांग. मी बघते एकेकाकडे.

पण दादा, खरं सांगायचं तर थोडी चूक तुझीही आहे. तू जाताना सगळ्या कॅम्पसमोर हेल्मेट आपटून गेलास. असं कुणी करतं का? माणसाने चार शब्द सांभाळून बोलावं. मीही बोलले असेन, नाही म्हणत नाही. ‘तुम्ही भोक पाडा, दगडाचं मी बघते’ असं मी म्हणाले होते, तेही कामावरचं अहोजाहो करत. पण तू मोठा ना? मोठ्याने सोडून द्यायचं असतं.

वहिनी, तू हे वाचतेस हे बरं झालं. त्याचं जेवण नीट असू दे. आणि वहीचं तेवढं बघ. तो घरी नसताना कपाटातून काढून पाठवलीस तरी चालेल. त्याला नंतर मी सांगेन.

धाकटी


२ एप्रिल

दादा, आणि वहिनी,

वही आली नाही. ठीक आहे. मागचं पत्र पाठवल्यावर माझं मलाच बरं वाटलं नाही. नवऱ्याच्या कपाटात हात घाल असं वहिनीला सांगायला मी काय दरोडेखोर आहे? ते सोडा.

परीक्षक आले, पंधरवडाभर इथेच राहणार आहेत. साठी उलटलेले, कानात ऐकायचं यंत्र, खिशात भिंग. आपले मधाळ साहेब (वहिनी, हे आमचे कॅम्पचे व्यवस्थापक. कामावरून काढून टाकतानाही ‘जेवलात का?’ विचारतात, म्हणून हे नाव) फाटकापर्यंत त्यांना आणायला गेले. चहा, बिस्किटं, पंखा, सगळा थाट. परीक्षकांनी चहाला हात लावला नाही. ‘आधी शेड,’ म्हणाले.

शेडमध्ये त्यांनी कोरच्या पेट्या उघडायला लावल्या. वहिनी, कोर म्हणजे यंत्राच्या सळईतून वर येणारा दगडाचा दांडा. आम्ही तो लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवतो. त्यांनी फवारा मारून दगड ओला केला, भिंगातून पाहिला, अंगठ्याने चाचपला. दहा नंबर, अकरा नंबर, बारा नंबर. मग विचारलं, ‘नऊ कुठे आहे?’

‘नवाचा सगळा कोर प्रयोगशाळेत गेलाय, सर,’ साहेब म्हणाले.

‘सगळा? अर्धा इथे ठेवतात ना हो?’

‘एरवी ठेवतो, सर. या वेळी गेला.’

इतकं गोड बोलले की मलाच क्षणभर खरं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी त्या पेट्यांचा ट्रक गेला, तेव्हा फाटकावरच्या पासवर सही माझी होती. पेट्या कुठे गेल्या, हे मी विचारलं नाही.

मग परीक्षक माझ्याकडे वळले. ‘बाई, अहवालात नऊ नंबरला एकसष्ट मीटर जाडी लिहिली आहे. एक टक्का निकेल. ही जाडीच ना? लांबी नव्हे?’

मी म्हटलं, ‘बघून सांगते.’

बघून सांगते! वीस वर्षं दगड बघतेय मी. नाव विचारल्यावर ‘घरी विचारून सांगते’ म्हणणाऱ्या माणसासारखी मी उभी राहिले. साहेब माझ्याकडे बघून हसले.

वहिनी, तुला कळावं म्हणून सांगते. गादी शिवायची लांब सुई गादीतून आरपार घातली तर चार बोटं आत जाते. ती झाली गादीची जाडी. तीच सुई गादीच्या पोटातून उशाकडून पायथ्याकडे नेली तर सहा फूट कापसातच जाईल. गादी तीच, चार बोटांची. आमचं निकेल असंच जमिनीत तिरपं पडलंय, पूर्वेकडे कललेली एक पातळ गादी. पूर्वेकडून यंत्र लावलं असतं तर सुई आरपार गेली असती. पण पूर्वेला चिखल. तिथे यंत्र उभं करायला भराव घालायचा, म्हणजे दोन महिने. साहेबांना वार्षिक सभेआधी निकाल हवा होता. मग मी पश्चिमेलाच यंत्र लावायला सांगितलं. सुई गादीच्या पोटातून गेली. एकसष्ट मीटर.

अहवालात दोन रकाने असतात, लांबी आणि जाडी. टाइप करणाऱ्याने दोन्हीकडे एकच आकडा घातला. माझ्या लक्षात यायच्या आत तो सगळीकडे छापून आला, टाळ्याही झाल्या. नंतर भराव घालून पूर्वेकडून दहा, अकरा आणि बारा केली. साडेतीन मीटर, तीन मीटर, आणि बारामध्ये काहीच नाही. हे दादाला ठाऊक आहे. ती त्यानेच पाडली.

टाइप करणाऱ्याच्या एका चुकीपायी केवढं हे रामायण.

गाडी दुरुस्तीला गेली आहे म्हणून मला शहरात येता येत नाही. हे पत्र भाजीच्या टेम्पोवाल्याजवळ देते आहे. त्याचं दार गंजलंय, पण माणूस भला आहे.

धाकटी


११ एप्रिल

दादा,

आज जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये रिकाम्या पेटीवर बसून लिहिते आहे. ऑफिसात लिहिता येत नाही. आधी हे वाच, मग हवं तर मला शिव्या दे. वहिनी, हे त्याला मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

टाइप करणाऱ्याची चूक नव्हती. त्या बिचाऱ्याने माझ्या हस्ताक्षरावरून जसंच्या तसं उतरवलं. लांबीच्या रकान्यात मी एकसष्ट लिहिलं आणि जाडीचा रकाना रिकामा ठेवला होता. साहेब म्हणाले, ‘हा मोकळा का, बाई? वाचणाऱ्याला वाटेल आपल्यालाच माहीत नाही.’ मला माहीत नव्हतंच. पूर्वेकडून एक बोअर घेतल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. पण ‘माहीत नाही’ लिहायची मला लाज वाटली. मी एकसष्ट लिहिलं. छापायच्या आधी तपासायला कागद पुन्हा माझ्याकडे आला होता. मी तो आकडा पाहिला. तसाच राहू दिला.

पुढचं याहून वाईट आहे.

तुझ्याबद्दलचं ते पत्र मी लिहिलं. ‘ड्रिलरच्या हलगर्जीपणामुळे दहा, अकरा व बारा ही बोअर वाकली आणि निकेलचा जाड भाग चुकला.’ तारीख, शिक्का, सही, सगळं माझं. दोन अंश वाकली होती ती बोअर. एवढं तर प्रत्येकच बोअर वाकतं, हे तू मला शिकवलंस. पण एकसष्टाच्या शेजारी साडेतीन निघाल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं होतं. माझ्या तरी नको, असं मला वाटलं. मी ते तुझ्या डोक्यावर फोडलं. ते पत्र तुझ्या कंत्राटदाराकडे गेलं आणि तिथून बाकीच्यांकडे फिरलं. तुझा कंत्राटदार साहेबांना म्हणाला होता, ‘सख्खी बहीण लिहितेय म्हणजे त्यात तथ्य असणारच.’ साहेबांनी हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. परक्या माणसाने लिहिलं असतं तर कदाचित एखाद्याने शंका घेतली असती. मी लिहिलं म्हणून कुणीही घेतली नाही.

आणि मागच्या महिन्यात मी तुलाच विचारलं, कुणी पसरवलं असेल? केवढा हा कोडगेपणा. लिहिताना मला खरोखर राग आला होता, दादा. त्या न दिसणाऱ्या माणसाचा.

आता वहीचं. कागदांना ओल वगैरे काही लागलेली नाही. नऊ नंबरची पानं साहेबांच्या कपाटात कुलपात आहेत. तुझी प्रत मागवून घ्यायला त्यांनीच मला सांगितलं. हाती आली की ती नाहीशी करायची, असं ठरलं होतं. बघ, ‘ठरलं होतं’ लिहिते आहे, जसं काही परस्पर ठरलं. मी हो म्हणाले होते.

म्हणून वही पाठवू नकोस. एखाद्या वकिलाला दाखव, नाहीतर परीक्षकांना थेट पाठव. मला मात्र देऊ नकोस.

साहेबांनी चार दिवसांपूर्वी निकेलच्या साठ्याचा अंतिम अंदाज माझ्यासमोर सहीसाठी ठेवला. त्यात एकसष्ट धरून सरासरी काढली आहे, आणि त्या सरासरीवर तीस वर्षं चालेल अशी खाण कागदावर उभी केली आहे. मी म्हटलं, ‘साहेब, हे असं नाही धरता येणार.’

‘पहिल्या अहवालात तुम्हीच धरलंय ना, बाई?’

‘तो दुरुस्त करूया.’

‘करू की. पण मग आधी कुणाची मान अडकेल? माझी सही कुठेच नाही.’ आणि मग, ‘जेवलात का?’

खरंच नाहीये त्यांची सही. मी सगळ्या फायली चाळल्या. एकेका कागदावर माझंच नाव. गेल्या महिन्यात रजेचा अर्ज दिला, तो ‘वर पाठवलाय’. गाडी ‘दुरुस्तीला’ आहे. ती मला रोज दिसते, पाण्याच्या टाकीमागे उभी, टायर धुतलेले. बसचा रस्ता इथून बेचाळीस किलोमीटर. फोन लागतो तो फक्त ऑफिसच्या ओसरीवर, साहेबांच्या खुर्चीशेजारी. मला कुणी कोंडून ठेवलेलं नाही. फाटकही उघडंच असतं. पण मी अशी कात्रीत सापडले आहे की फाटक उघडं असून उपयोग नाही. सही केली तर तू जन्मभर दारावर बसणार. नाही केली तर माझी आधीची सही सगळ्यांसमोर येणार. गेले चार दिवस मी साहेबांना सांगतेय की चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या नाकावर असतो.

तू माफ कर असं म्हणत नाही. तेवढी हिंमत नाही.

धाकटी


१६ एप्रिल

दादा,

वही आली.

पाकिटावर नऊ तारखेचा शिक्का आहे. म्हणजे माझं कबुलीचं पत्र तुझ्याकडे पोचायच्या आधीच तू ती पाठवलीस. पत्ता तुझ्या अक्षरात. आत चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, काही पडलं नाही.

टेम्पोवाल्याने पाकीट दिलं तेव्हा साहेब ओसरीवरच होते. ‘काय आलं, बाई?’

‘वहिनीने लोकरीचे नमुने पाठवलेत. स्वेटरसाठी.’

या उन्हात! पण त्यांनी विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं. मी खोलीत येऊन कडी लावली आणि पलंगावर बसून पानं उलटली. तुझं अक्षर अजून तसंच, सगळे काने एका उंचीचे.

अडतिसाव्या मीटरचं पान. ‘कोरमधले पट्टे आडवे नाहीत, सळईच्या लांबीने चालले आहेत. बोअर दगडाच्या उतारावरून खाली जात आहे. ही जाडी धरू नये. यंत्र पूर्वेकडे न्यावे असे बाईंना सांगितले. बाई म्हणतात, इथेच चालू ठेवा.’

त्याच्याखाली तुझी सही. आणि शेजारी, ‘वाचून मान्य’ या छापील शब्दांवर, माझी.

मी ते कधीच वाचलं नव्हतं. तू रोज वही पुढे करायचास आणि मी कुणाशी तरी बोलत बोलत सही ठोकायचे. एकदा तू म्हणालास, ‘वाचा तरी.’ मी म्हटलं, ‘तुम्ही काय खोटं लिहिणार आहात?’ सगळे हसले होते. तूही हसलास.

म्हणजे पंधरा महिने हे पान तुझ्याजवळ होतं. तुझ्याविरुद्ध पत्र निघालं त्या दिवशी हे पान कंत्राटदारापुढे ठेवलं असतंस तर तू दुसऱ्या दिवशी यंत्रावर असतास आणि मी घरी. तुला माहीत होतं. दारावर बसून परक्या माणसांचे पास तपासताना रोज माहीत होतं. आणि तू मूग गिळून बसलास. का? मला वाचवायला? मग माझं पत्र हातात का घेत नव्हतास? रागाने? मग वही का ठेवलीस, आणि आता का पाठवलीस? त्यातही माझ्याकडेच. मी मागितली म्हणून?

मला फार राग येतोय तुझा. निदान एकदा तरी भांडायचंस. निदान वहिनीपाशी बोलायचंस. तू बोलला असतास तर मी आज कुठेतरी गुपचूप शिक्षा भोगत असते आणि माझं मीच ठरवायचा हा छळ वाट्याला आला नसता. आता वही माझ्या उशाखाली आहे, दुसरी प्रत साहेबांच्या कुलपात आहे, आणि या जगात हे पान वाचलेली माणसं तीन. तू, साहेब आणि मी.

काडेपेटी टेबलावर आहे. खोटं कशाला सांगू, मी ती हातात घेतली होती. दोनदा.

मला माझी लाज वाटते, दादा.


१८ एप्रिल

दादा,

घाईत लिहिते. टेम्पो थांबलाय.

काल दुपारी परीक्षक निघायच्या तयारीत होते. साहेब त्यांची बॅग उचलायला धावले, तेवढ्यात मी शेडच्या दारात त्यांना गाठलं आणि वही हातात दिली. ते पान त्यांनी तीनदा वाचलं. भिंग काढून सहीही पाहिली.

‘ही सही?’

‘माझी.’

‘वाचून केली होती?’

‘नाही.’

‘आणि अहवालातला जाडीचा आकडा?’

‘तो मात्र समजून उमजून लिहिला.’

‘हे सगळं लिहून द्याल?’

‘कागद द्या.’

पेटीवर कागद ठेवून मी लिहीत होते. त्यांनी विचारलं, ‘हे ड्रिलर कोण? नीट माणूस दिसतो.’

‘माझा भाऊ.’

‘ज्यांच्याविरुद्ध तुमचं पत्र फायलीत आहे, ते?’

‘तेच.’

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत बसवलं. ऐकण्यात चूक झाली असावी असं त्यांना वाटलं असेल. मग निकाल उभ्याउभ्याच सांगितला. ‘दगड चांगला आहे, बाई, पण पातळ आहे. एक टक्का निकेल, साडेतीन मीटर जाडी, आणि तेही इतक्या खोल. तेवढ्यासाठी खाली उतरायचं तर निकेलपेक्षा फुकटचा दगडच जास्त वर आणावा लागेल. इथे खाण होत नाही.’ एवढंच. दोन वर्षं, इतकी बोअर, एक टाळ्यांची सभा, आणि हे एवढं वाक्य.

त्यांच्या गाडीत जागा होती. मी विचारलं, ‘मी येऊ का?’ ते म्हणाले, ‘चौकशी लागेल. नऊ नंबर नेमकं कुठून लावलं हे दाखवणारं इथे दुसरं कुणी उरलेलं नाही. तुम्हाला थांबावं लागेल.’ वही ते घेऊन गेले. तिची पोच सोबत जोडली आहे, जपून ठेव.

तुझ्याविरुद्धचं पत्र ज्या ज्या कंत्राटदाराकडे गेलं होतं, त्या सगळ्यांना आज मी दुसरं पाठवतेय. ऑफिसच्या कागदावर नाही, साध्या कागदावर, माझ्या नावाने. ‘आधीचे पत्र खोटे होते. ते मी लिहिले होते. चूक ड्रिलरची नव्हती, माझी होती.’ अशी सहा पाकिटं टेम्पोवाल्याच्या मांडीवर आहेत. तो हॉर्न वाजवतोय.


१२ मे

दादा,

अजून इथेच आहे.

निकालाची बातमी पसरली तशी मेसची अर्धी टेबलं रिकामी झाली. नवा ड्रिलर परवा यंत्र घेऊन गेला. साहेबांची बदली झाली, म्हणे बढतीवर. जाताना माझ्याकडे आले, हात जोडले आणि म्हणाले, ‘तब्येतीला जपा, बाई.’ त्यांच्यावर काहीही शेकलं नाही. त्यांचं कपाट उघडलं तेव्हा नऊ नंबरची फाईल तिथे होती, त्यातलं अडतिसाव्या मीटरचं पान तेवढं नव्हतं. तू वही पाठवली नसतीस तर माझ्या नुसत्या तोंडच्या बोलण्याला कुणी काय किंमत दिली असती? खोटं पत्र लिहिणारी बाई आता खरं बोलतेय, हे कशावरून?

माझा सहीचा अधिकार काढून घेतला आहे. यापुढे कुठल्याही अहवालावर माझं नाव येणार नाही. चौकशीवाले कधी यायचे ते कुणी सांगत नाही. आठवड्याने येतील, नाहीतर दोन महिन्यांनी. तोवर कॅम्प सोडायचा नाही असं लेखी आलंय. गाडी आता टाकीपुढे उघड उभी असते आणि किल्ली माझ्या दारातून दिसते. नुसती दिसते. सकाळी शेडमध्ये जाते, उरलेल्या पेट्यांवरची धूळ पुसते, परत येते. एवढा मोठा कॅम्प आणि त्यात मी, स्वयंपाकी, पहारेकरी आणि ऑफिसातला क्लार्क. मला वाटलं होतं, खरं सांगून टाकलं की सुटका होईल. तसं काही झालं नाही. मनावरचं ओझं मात्र हलकं झालं, ते मी नाकारत नाही. रात्री झोप लागते.

वहिनीचं एप्रिलअखेरचं पत्र मिळालं. ती लिहिते, कबुलीपासूनची माझी तिन्ही पत्रं तिने वाचून दाखवली. तू पूर्ण ऐकलंस, उठलास, आणि नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिलास. बोलला काही नाहीस. मला वाटलं, आता कधीच बोलणार नाही.

आज सकाळी मी शेडमध्ये होते. क्लार्क धावत आला, ‘बाई, फोन आला होता तुमच्यासाठी.’ मी हातातला ब्रश टाकून ओसरीवर पळत गेले, पण तोवर फोन ठेवलेला होता. चौकशी लागल्यापासून माझे फोन एका वहीत नोंदवतात. वेळ, नाव, नातं, निरोप, असे रकाने आहेत. क्लार्कने वही माझ्यापुढे सरकवली.

निरोपाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कंत्राटदाराने यंत्रावर घेतले. सोमवारपासून काम सुरू.’ मी मोठ्याने ओरडले, दादा. स्वयंपाकी बाहेर आला. मी त्याला म्हटलं, माझ्या भावाला यंत्र मिळालं. तोही हसला. पुन्हा मोठ्याने वाचून दाखवावं म्हणून मी वही उचलली तेव्हा अलीकडचा रकाना दिसला. नातं. त्यात लिहिलं होतं, ड्रिलर.

क्लार्क म्हणाला, ‘मी विचारलं होतं, बाई. नातं काय लिहू? ते म्हणाले, ड्रिलर लिहा. मी म्हटलं, अहो, हे काही नातं झालं का? ते म्हणाले, तेवढंच लिहा.’

मी खुर्चीवर बसले. तुझं काम तुला परत मिळालं याचा आनंद तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. आणि रडूही आवरत नव्हतं.

क्लार्क बिचारा गडबडला. पेन उघडून म्हणाला, ‘दुरुस्त करू का, बाई? भाऊ लिहू?’

मी म्हटलं, ‘नको. त्यांनी सांगितलंय तेच राहू दे.’